न उठलेली सभा

फाल्गुन लागला की तापीच्या पुलावरून पिकअप गाड्या यायला लागतात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली डोंगरातली माणसं होळीला घरी परततात, त्यांच्या त्या गाड्या. गाडीत माणसं उभी, माणसांच्या पायांत भांडी, भांड्यांच्या मधे पाय बांधलेल्या कोंबड्या आणि वर टपावर एखादी उलटी बांधलेली खाट. प्रकाशा या तीर्थाच्या गावाच्या अलीकडे आमचं गाव, आणि घर अगदी रस्त्यालाच. सकाळी अंगणात पाणी मारायला बाहेर पडते आणि बादली हातात धरून मी उभीच राहते. गाडी गेल्यावर मागे आंबूस-गोड वास जरा वेळ राहतो, उसाच्या रसात वाळलेल्या कपड्यांचा. मग घरातून नवऱ्याची हाक येते, "तुन्हं ध्यान कोठे शे? दूध उतू गयं ना." दूध खरंच उतू गेलेलं असतं. लोकांना म्हणे पावसानं जुन्या गोष्टी आठवतात. मला पिकअपनं आठवतात, त्याला मी काय करू?

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. नोकरीची बरीच वर्षं अक्राणी तालुक्यात काढली. धडगावच्या पुढे जीप सोडून पायी उतरावं लागतं अशा एका पाड्यावर माझी शाळा होती. एक खोली, पुढे ओटा, ओट्यासमोर मोहाचं झाड. घरी पावरी बोलणारी मुलं, घरी अहिराणी बोलणारी मी आणि दोघांच्या मधे पुस्तकातली मराठी. ती आम्हां कुणाचीच नव्हती, त्यामुळे तिच्यावरून भांडण नव्हतं. मी "डोळा" न म्हणता "डोया" म्हटलं की पोरं हसायची, आणि त्यांनी "मॅडम, मी आली नव्हता" म्हटलं की मी हसायची. असं बरं चाललं होतं आमचं.

डोंगरातला फाल्गुन खालच्यासारखा नसतो. खाली तापीकाठी तेव्हा केळीला पाणी चाललेलं असतं, हिरवं असतं सगळं. वर डोंगर पार उघडा पडलेला असतो. पण शाळा मात्र तेव्हाच भरायची. दिवाळीनंतर आईबापांबरोबर तोडीला गेलेली मुलं होळीच्या आधी एकेक करून दारात उभी राहायची. पाचटानं चिरलेले हात, बोटभर वाढलेली उंची, तोंडात दोन-चार गुजराती शब्द. "सारू छे, मॅडम," असं म्हणून वर्गात शिरायची आणि आपली जुनी जागा शोधून बसायची. मी रागवायची. पाढे विसरलास, बाराखडी विसरलीस, चार महिने काय केलंस? खरं तर मला इतका आनंद झालेला असायचा की रागावल्याशिवाय तो लपवता आला नसता. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खुपायची. पट मोजायला साहेब लोक यायचे ते थंडीत, बाकं रिकामी असताना. फाल्गुनात मुलं मांडीला मांडी लावून बसायची तेव्हा मोजायला कुणीच यायचं नाही.

या मुलांत रमिला होती. तेव्हा चौथीत होती, पण वयानं मोठी, कारण तिची दोन-तीन वर्षं उसाच्या फडात धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गेली होती. तिच्या आजोबांना, जामसिंगदादाला, पाड्यावर कारभारी म्हणत. म्हणजे तंटा झाला, लग्न ठरलं, देवाचं काही काढायचं झालं की लोकांना जमवायचं काम त्याचं. रमिलाला त्याच्या शेजारी बसून मोठ्यांची बोलणी ऐकायची सवय होती. पोरगी प्रश्न फार विचारायची. मी तशी तोंडाळ बाई, पण तिच्यापुढे कधी कधी माझीही त्रेधा उडायची.

पुस्तकात ग्रामपंचायतीचा धडा होता. सरपंच कोण, ग्रामसेवक कोण, ग्रामसभेत कोण बसतं. असा धडा वाचून दाखवला तर मुलं जांभया देतात, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून मी म्हटलं, चला, आपण सभाच घेऊ. मोहाखाली बसलो. विषयही खराखुरा घेतला. मोहाची फुलं पडायला लागली की मुलं पहाटेपासून टोपल्या घेऊन रानात, आणि शाळेला उशीर. तर या दिवसांत शाळा किती वाजता भरावी, हे तुम्हीच ठरवा. अर्धा तास गलका झाला. मग मी म्हटलं, ज्यांना वाटतं दहाला भरावी, त्यांनी हात वर करा.

कुणी हात वर केला नाही. माझं मन राखायला दोघांनी केला आणि इकडे तिकडे बघून खाली घेतला. बाकीची मुलं एकेक करून उठून उभी राहिली, चड्डीची माती झटकत. दुसरीतली वंती तेवढी बसून होती, गुडघ्यांना मिठी मारून, हनुवटी खाली घालून.

"झालं ना? चला वर्गात," मी म्हटलं.

"नाही झालं, मॅडम," रमिला म्हणाली. "वंती बसली आहे."

"बसू दे. बाकी सगळे उठले ना?"

"ती बसली आहे म्हणजे तिचं नाही आहे."

आणि उठलेली सगळी मुलं पुन्हा खाली बसली. मला कळेना हे काय चाललंय. मग रमिलानं मला समजावून सांगितलं, एखाद्या धाकट्या बहिणीला सांगावं तसं. त्यांच्या पाड्याची रीत अशी की ज्याला मान्य तो उठतो. ज्याला मान्य नाही तो बसून राहतो. तोंडानं नाही म्हणायचं नसतं, कारण चारचौघांत मोठ्या माणसाला नाही म्हटलं तर त्याचा अपमान होतो. नुसतं बसायचं. एक माणूस जरी बसून असला तरी बाकीच्यांनी परत बसायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याचं काय आहे ते काढून घ्यायचं. शेवटचा माणूस उठला की सभा उठली. तोवर कुणी घरी जात नाही. एकदा म्हणे एका लग्नाच्या बोलणीत लोकांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसून काढलं होतं.

वंतीचं काय होतं ते निघायला बराच वेळ लागला. तिच्या घरची मोहाची झाडं पार पलीकडच्या उतारावर. दहा वाजता भरवली तरी तिला उशीर होणारच, आणि मग मॅडम रागावणार. शेवटी असं ठरलं की मोठ्या मुलांनी आधी वंतीची टोपली भरायची, मग सगळ्यांनी मिळून शाळेत यायचं. वंती उठली. सभा उठली. त्या वर्षी मोहाच्या दिवसांत सगळी शाळा एकदम यायची, ओळीनं, सगळ्यांच्या अंगाला तो घेरी आणणारा गोड वास. शाळा बरोबर दहाला भरायची.

पण मी शिक्षिका, मला पुस्तक शिकवायचं होतं. मी म्हटलं, हे तुमच्या घरचं झालं. सरकारी सभेत हात वर करतात. ज्याच्या बाजूनं जास्त हात, त्याचं खरं.

"आणि जो बसला आहे त्याला विचारत नाहीत?" रमिलानं विचारलं.

"नाही विचारत."

"मग तो माणूस घरी कसा जातो?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. पण हात वर करायचं मी त्यांना शिकवलं, चांगलं घोटून शिकवलं. खो-खो खेळायचा का लंगडी, हात वर. गाणं कुठलं, हात वर. मुलांना त्याची गंमत वाटायला लागली. घरी मात्र कुणी करत नसे. दोन्ही रीती त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दिल्या, जशा दोन भाषा ठेवल्या होत्या.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पाड्याचा हातपंप बंद पडला. बाया खाली नाल्यापर्यंत जायच्या. मी मुलांना म्हटलं, शिकलो ते करून बघू. मोठ्या गावात ग्रामसभा होती, तिथे मुलांना घेऊन गेले. चालून चालून पोरांचे पाय धुळीनं पांढरे झाले होते. रमिला उभी राहिली आणि पाठ केलेली तीन वाक्यं एका दमात बोलली. आमच्या पाड्याचा हातपंप बंद आहे. आमच्या आया लांबून पाणी आणतात. तो दुरुस्त करावा ही विनंती. मग खाली बसली. ग्रामसेवक हसले, चांगलं हसले, आणि लिहून घेतलं. आणि काय नवल, आठ-पंधरा दिवसांत माणूस आला, पाइप काढले, बसवले, पंप सुरू. पाड्यावरच्या बायांनी मला कोंबडा दिला. मी माळकरी घरची सून, कोंबडा घेऊन मी काय करणार? पण नाही म्हणवेना. तो शाळेच्या ओट्यावर हिंडत राहिला. जामसिंगदादा पंपाखाली ओंजळ धरून पाणी प्यायला आणि मला म्हणाला, सरकारला कान आहेत तर. त्या दिवशी घाट उतरून घरी आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. नोकरीत इतकी खूश मी कधीच नव्हते, आधीही नाही आणि नंतरही नाही.

आता मी इथे खाली, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत आहे. इथे गुजर शेतकऱ्यांची मुलं आहेत, त्यांच्याच शेतात राबणाऱ्यांची मुलं आहेत. ग्रामपंचायतीचा धडा इथेही आहे. बाल सभा घेतो, शालेय मंत्रिमंडळ निवडतो, फोटो काढून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. मुलं हुशार आहेत. हात वर करा म्हणायच्या आधी हात वर. परवा सहल कुठे न्यायची त्यावर मत घेतलं, भराभर हात आले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, झालं. आणि मी म्हटलं, थांबा, कोण बसलंय? मुलं बघायला लागली. सगळेच बसले होते, वर्गच होता तो. पण मागच्या बाकावर मजुरांच्या वस्तीतली एक मुलगी खाली मान घालून होती, तिच्यापाशी जाऊन मी उभी राहिले. तुझं काय आहे, मी विचारलं. मी उभीच. शेजारच्या वर्गातले पाटील सर दारातून डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, आटपा की. पोर्शन बाकी शे आजून." तास संपल्याची घंटा झाली. मुलगी बोलली नाही. तिला सहलीला यायचंच नव्हतं की तिला यायला मिळणार नव्हतं, मला कळलंच नाही.

हातपंप सुरू झाला त्या वर्षी रमिला पाचवीत होती, जूनमध्ये सहावीला जायची होती. आमच्या शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग, पण सहावी तिथेच सुरू व्हावी असा अर्ज करायचं आम्ही ठरवत होतो. म्हणजे मी आणि रमिला. जामसिंगदादाही तयार होता. तिच्या आईबापाला तोडीला जाताना लहान मूल सांभाळायला ती हवी होती, पण शाळा दारात असेल तर ती आजोबांपाशी राहील, असं घरात ठरलं होतं. दादानं तसा शब्द दिला होता. शाळा दारात असेल तर. सगळं त्या एका गोष्टीवर होतं.

फाल्गुन आला, गाड्या आल्या, शाळा भरली. आणि पाठोपाठ बातमी आली की कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिळवणार आहेत. समायोजन म्हणतात त्याला. आमची जवळची शाळा दोन टेकड्या आणि एक नाला ओलांडून. पावसाळ्यात तो नाला मोठ्या माणसालाही ओलांडू देत नाही. ग्रामसेवकांनी निरोप पाठवला की ठरावासाठी पाड्यावरच सभा घेऊ, लोक होळीला आलेलेच आहेत, त्यांना उगीच चालायला नको. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर मला इतका त्रास झाला नसता.

मोहाखाली सभा भरली. पाड्यावरचं एकूण एक माणूस आलं होतं. ऊस तोडून काळे पडलेले बाप्ये, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या. फुलं पडायला लागली होती, मधूनच एखादं कुणाच्या पागोट्यावर टप्पकन पडायचं. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. कमी पटसंख्येमुळे सदर शाळेचे नजीकच्या शाळेत समायोजन करण्यास ग्रामसभेची हरकत नाही. रमिलानं तो पावरीत सांगितला, दोनदा सांगितला, नीट. मग ग्रामसेवक म्हणाले, "कुणाची हरकत असेल तर हात वर करा."

कुणीही हललं नाही. बाया नाहीत, बाप्ये नाहीत, तान्ही पोरंसुद्धा गप्प होती. अख्खा पाडा बसून राहिला. मी त्यांच्यात इतकी वर्षं काढलेली, मला ते ऐकू येत होतं. इतकं एकमुखानं म्हटलेलं "नाही" मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

एकच हात वर होता. रमिलाचा. सरळ, कानाला चिकटवून, मी शिकवला होता तसा.

"बाळ, तू कितवीत?" ग्रामसेवक हसून म्हणाले. "अठरा पूर्ण झालेल्यांनी करायचा असतो. मोठी झालीस की कर हं."

ती वळली आणि तिनं आजोबांचं मनगट धरलं. दादा, हात वर कर. त्याचा हात ती ओढून वर न्यायला लागली. जामसिंगदादानं तो हळूच सोडवून घेतला. तिला म्हणाला, बसलेल्या माणसांत हात वर करत नाहीत, तो भांडायला करतात. आणि आपण सांगतोय ना. बघ, सगळेच सांगताहेत. आपल्यातला कुणी उठला का?

मग मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, हे बसलेत म्हणजे नाही म्हणताहेत. यांची रीत आहे तशी."

"मॅडम, कुणी काही बोललं का?"

"बोलत नाहीत ते. बसतात."

"मग मी काय लिहू? लोक बसले होते? सभेत लोक बसतातच ना." ते जरा ओशाळले, आवाज खाली आणला. "आणि तुम्ही कर्मचारी आहात, मॅडम. या सभेच्या सदस्य नाही. उगीच तुम्हाला त्रास व्हायचा." त्यांनी लिहिलं, सर्वानुमते मंजूर. त्यांना पुढच्या पाड्यावर जायचं होतं. मोटारसायकलला किक मारता मारता मला म्हणाले, "फार शांत लोक आहेत हो तुमचे. नाहीतर खाली एकेका ठरावाला काय आरडाओरड असते."

धूळ खाली बसली. सभा तशीच. मला वाटलं आता कुणीतरी उठेल, होळीची लाकडं आणायची होती, बायांना स्वयंपाक होता. कुणी उठेना. ज्यानं विचारलं तोच निघून गेला होता, आता त्यांच्याशी बोलणार कोण, त्यांचं काय आहे ते काढून घेणार कोण? ऊन कलंडलं. शेळ्या हाकणारं कुणी नव्हतं, त्या आपल्या आपण घरी आल्या आणि बसलेल्या माणसांच्या मधून गेल्या. मीही बसून होते. मला रडू येत होतं आणि त्या सगळ्या शांत माणसांत एकटीनं रडायची लाज वाटत होती. शेवटी रमिला माझ्याजवळ आली आणि विचारलं, "मॅडम, सभा संपली का नाही संपली?"

मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. इतकी वर्षं मी त्या पोरीला काही ना काही उत्तर दिलं होतं. चुकीचं का होईना, दिलं होतं.

जूनमध्ये माझा आदेश आला. खाली, घराजवळची शाळा. ज्या जागेसाठी लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात ती मला आयती मिळाली. नवऱ्यानं पेढे वाटले. सासू म्हणाली, "चांगलं झायं बाई, देवनी देखं." शाळेतल्या बायकांनी मिठ्या मारल्या, सुटलीस म्हणाल्या. मी माझा पेढा परत डब्यात ठेवला. कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, ही नखरे करतेय.

रमिलाचं मला नंतर कळत गेलं, धडगावहून येणाऱ्या कुणाकुणाकडून. दोन टेकड्यांपलीकडच्या शाळेत ती श्रावणापर्यंत गेली. नाल्याला पाणी आलं, ते उतरेपर्यंत दिवाळी आली आणि दिवाळीनंतर गाडी आली. शाळा दारात असेल तर, असं ठरलं होतं. शाळा दारात नव्हती. दादानं शब्द मोडला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. ती गेली आणि फडात भावाला सांभाळायला लागली. मग हातात कोयता आला, मग लग्न झालं. वंती तर शाळेत गेलीच नाही म्हणे. मी हे एका दमात लिहिते, कारण सावकाश लिहायला गेले तर मला लिहवणार नाही.

एकच सांगते. त्या मुलांना सभा शिकवण्याआधी त्यांना सभा येत होती. माझ्या पुस्तकातल्यापेक्षा चांगली येत होती. मी त्यांना सरकारच्या सभेचं दार दाखवलं, आत नेलं, बसवलं, आणि आतल्या माणसाला त्यांचं बसणं वाचता येईना. मी दोन्हीकडचं वाचू शकत होते, पण माझं मत कुणी मागितलं नव्हतं. आता वर्गात मी "लोकशाही म्हणजे" असं म्हणते आणि पुढचं वाक्य पुस्तकातून वाचते. आधी मनानं बोलायची.

या वर्षी मी धडगावला गेले. होळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे भोंगऱ्याचा बाजार भरतो, सगळा डोंगर खाली उतरतो. इतकी वर्षं जायचं टाळलं होतं. नवरा म्हणाला, "जाय एकदाव. दर साल दूध उतू जास." मी शहाद्याहून जीपमध्ये बसले. घाटात पळस फुललेला होता आणि जीपमधली पोरं मोबाइलवर पावरी गाणी लावून एकमेकांच्या मांडीवर बसली होती. बाजारात ढोल, बासऱ्या, शेव, जिलबीच्या कढया, चांदीची कडी घातलेल्या बाया घोळक्यानं हिंडत होत्या. ऊन मी म्हणत होतं.

तिनंच मला ओळखलं. "मॅडम" अशी हाक आली आणि मी वळले. रमिला. विशीला टेकलेली, रापलेली, कडेवर मूल, तोडीहून परवाच आलेली. हाताला तेच पाचटाचे चिरे. आम्ही दोघी नुसत्या हसत राहिलो. मग ती मला बाजाराच्या कडेला घेऊन गेली, तिथे पोत्यावर जामसिंगदादा बसला होता. डोळे गेल्यातच जमा होते, पण माझा आवाज ऐकून त्यानं हात पुढे केला आणि माझं मनगट धरून ठेवलं.

रमिला बोलत होती. शाळेची खोली आहे अजून, म्हणाली. तिची आई दर होळीला सारवते. छपरावरची कवेलू फुटली तर बाप्ये बदलतात. आत कुणी धान्य ठेवत नाही, शेळ्या बांधत नाही. मी विचारलं, "का गं?" तर तिला प्रश्नच कळला नाही. "शाळा आहे ना ती," म्हणाली. "आमचं कुठे ठरलं बंद करायचं? तोडीहून आलो की सगळे एक दिवस मोहाखाली बसतात. दादा बोलावतो. तुमची वाट बघतात." हे ती मोठ्या माणसांचं म्हणून सांगत होती. तिला स्वतःला सगळं ठाऊक होतं. हात, अठरा वर्षं, सर्वानुमते मंजूर, माझा आदेश. तिनं ते पाड्यावर कुणालाच सांगितलेलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

जामसिंगदादानं माझं मनगट सोडलं नव्हतं. तो पावरीत बोलला, सावकाश, रागावून नाही. आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. एकही माणूस उठला नव्हता. मग तू कशी गेलीस?

तेवढी पावरी मला येते.

रमिलानं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा विचारतो, तुमची मुलं किती मोठी झाली?"

"मुलगी नंदुरबारला कॉलेजात आहे," मी म्हणाले. "मुलगा दहावीत."